वहीतली मोकळी जागा : मिरज ते बंगळूर, मार्च २००७

शुक्रवार, १६ मार्च

राणी चन्नम्मा एक्सप्रेस त्या काळी कोल्हापूरहून मिरजेला दुपारी येत असे, आणि हे पक्के ठाऊक असूनही मी आणि माझा एक मित्र अकरा वाजल्यापासूनच फलाटावर येऊन बसलो होतो. घरी बसवत नव्हते, हेच खरे कारण. पिशवीत दोन जोड कपडे, आईने दिलेल्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आतल्या कप्प्याला टाचणीने टाचलेली दोन तिकिटे, आणि माझ्या मावसभावाची, दादाची, शंभर पानी वही, एवढेच सामान होते. उद्या संध्याकाळी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन वाजवणार होते. १९७५ साली लंडनच्या पूर्व भागात सुरू झालेला हा बँड भारतात प्रथमच येत होता, आणि ज्यांचे आवाज केवळ कॅसेटच्या फितीतून ऐकले ती माणसे एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर येऊन उभी राहणार, ही गोष्ट तिकीट हातात असूनही मनाला पटत नव्हती.

वहीबद्दल आधी सांगितले पाहिजे, कारण हा प्रवास तिच्यापासून सुरू झाला. दादा इचलकरंजीचा. घरचे चार साधे यंत्रमाग, शिक्षण मराठी शाळेतले, आणि १९९३ साली, अकरावीत असताना, कॅसेट भरून देणाऱ्या एका दुकानातून त्याने नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर आयर्न मेडनची गाणी भरून आणली होती. भरलेल्या कॅसेटबरोबर शब्दांचा कागद येत नाही. म्हणून रात्रपाळीला माग चालू असताना टेपरेकॉर्डर कानाशी धरून, एकेक ओळ दहादा मागे नेऊन, त्याने ती गाणी कानावर पडतील तशी देवनागरीत उतरवून काढली. निळ्या शाईत शब्द आणि लाल शाईत गाण्याचे नाव. इंग्रजी फारसे येत नसताना केलेले ते काम आहे, आणि आज तपासून पाहिले तर दहातल्या नऊ ओळी बरोबर निघतात. पुढे सात-आठ वर्षांनी, मी आठवीत असताना, ती वही माझ्या हाती आली. मी ही गाणी शिकलो ती त्या वहीतून, म्हणजे इंग्रजी गाणी देवनागरी वाचून पाठ केली.

वहीत एकच जागा मोकळी होती. ‘फिअर ऑफ द डार्क’ या गाण्याच्या धृवपदात दुसऱ्या ओळीच्या मध्यावर दादाला एक शब्द कधीच लागला नाही, म्हणून तिथे त्याने एक आडवी रेघ ओढून ठेवली होती. शोधला असता तर तो शब्द सापडला असता. २००७ साली सांगलीत सायबर कॅफे काही कमी नव्हते. परंतु आमच्या दृष्टीने वही पूर्ण होती. त्या रेघेपाशी आले की दादा हुंकार भरत असे, आणि त्याचे ऐकून मीही तोच हुंकार भरायला शिकलो होतो.

दादा येणार होता. त्याच्यासाठी तिसरे तिकीटही बघून ठेवले होते. परंतु घरात दोन महिन्यांचे बाळ, मागावरचा माणूस गावाला गेलेला, आणि बीम (मागावरचा सुताचा रूळ) उतरवून देण्याचा वायदा शनिवारचाच, त्यामुळे आदल्या रात्री मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्याने वही काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “मी नाही, तर वही तरी जाऊ दे.” यावर मला काही बोलता आले नाही.

माझ्यासोबतचा मित्र मिरजेतल्या सतारमेकरांच्या घरातला. मिरजेत तंतुवाद्ये करण्याचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सुरू झाला. ही घराणी मुळात शिकलगारांची, शस्त्रांना धार लावणारी. राजेरजवाड्यांच्या तलवारी म्यानात गेल्यावर त्यांचे हात वाद्यांकडे वळले. माझा मित्र लहानपणापासून पंढरपूरकडून येणारे भोपळे पारखत, तुणाच्या लाकडाच्या भुशात वाढलेला. त्याच्या घराच्या हाकेच्या अंतरावर मीरासाहेबांचा दर्गा, जिथे अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि उरुसात देशभरातले गवई हजेरी लावून जातात. अशा घरातल्या मुलाला आयर्न मेडनचे वेड कसे लागले, असे मला अनेकांनी विचारले आहे. त्याचे उत्तर सरळ आहे. एका विद्यार्थ्याने घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो भाग, दुरुस्त करायला म्हणून इलेक्ट्रिक गिटार त्यांच्या दुकानात आणून टाकली, ती वाजते का ते पाहण्यासाठी मी दादाची कॅसेट नेऊन ऐकवली, आणि दोन गिटारी एकाच चालीवर स्वरांचे अंतर राखून चालतात हे ऐकून त्याने हातातली कानस खाली ठेवली. “एक षड्जावर असेल तर दुसरी गांधारावर आहे, आणि दोघी पडत नाहीत,” असे तो म्हणाला होता. त्यानंतर आमची मैत्री तुटली नाही.

गाडी आली. कृष्णेवरचा कुडचीचा पूल ओलांडला, रायबाग, घटप्रभा मागे पडले, उसाच्या फडांवरून ऊन उतरले. बेळगावला तिसरा मित्र चढला, हातात कुंद्याचा डबा घेऊन. मराठी त्याची घरची आणि कन्नड बाजाराची, त्यामुळे बंगळुरात लॉज शोधण्यापासून रिक्षा ठरवण्यापर्यंतचा सगळा भार त्याच्यावर होता. धारवाडला काळोख पडला. हुबळीनंतर डब्यातले दिवे विझले तरी आम्ही तिघे वरच्या बाकावर दाटीवाटीने बसून, कोणते गाणे होईल आणि कोणते होणार नाही, यावर हळू आवाजात वाद घालत होतो. नवा अल्बम मागच्याच वर्षी, २००६ च्या ऑगस्टमध्ये आला होता आणि त्यातली लांब, युद्धाविषयीची गाणी वाजणार हे उघड होते. जुन्यांपैकी काय उरेल, ही खरी धास्ती होती.

शनिवार, १७ मार्च

पहाट तुमकूरच्या आसपास झाली. बंगळूर सिटी स्टेशनच्या बाहेर पडलो आणि पहिल्याच चहाच्या टपरीवर काळ्या टी-शर्टांचा एक घोळका दिसला. मग दुसरा, मग तिसरा. आयुष्यात आजवर मी आयर्न मेडनचा टी-शर्ट अंगात घातलेला माणूस पाहिला होता तो एकच, तोही पुण्याला, रस्त्याच्या पलीकडून जाताना. इथे मॅजेस्टिकच्या बसस्थानकापासून गांधीनगरच्या लॉजपर्यंत चालत जाताना मी मोजू लागलो, आणि साठाच्या पुढे मोजणे सोडून दिले. अनोळखी मुले एकमेकांना नुसती मान डोलावून ओळख देत होती. कोणी कोणाला कुठून आलास असे विचारण्याआधी छातीवरचे चित्र पाहत होता आणि त्यावरून समोरचा कोणत्या अल्बमचा माणूस आहे ते ठरवत होता.

लॉजवर अंघोळी आटोपून गांधी बाजारात विद्यार्थी भवनला जाऊन डोसा खाल्ला. १९४३ पासूनचे हे ठिकाण बेळगावच्या मित्राच्या तोंडून वर्षभर ऐकत आलो होतो. डोसा उत्तमच होता, खरपूस आणि लोणकढ्या वासाचा, परंतु खरे सांगायचे तर त्या दिवशी माझे त्याच्याकडे लक्ष नव्हते. वही लॉजच्या उशाखाली ठेवून आलो होतो, कारण मैदानात पिशव्या नेऊ देणार नाहीत असे कळले होते, आणि मनाचा अर्धा भाग तिथेच राहिला होता.

दीडच्या सुमाराला आम्ही पॅलेस ग्राउंड्सला पोहोचलो. म्हैसूरच्या वडियारांच्या बंगळुरातल्या राजवाड्याभोवतीचे हे विस्तीर्ण मोकळे आवार. चार वर्षांपूर्वी, २००३ च्या एप्रिलमध्ये, रोलिंग स्टोन्स इथेच वाजवून गेले होते. रांग कुंपणाच्या कडेने वळणे घेत इतकी लांब गेली होती की तिचे तोंड दिसत नव्हते. मार्चमधले ऊन, पायाखाली तांबडी धूळ, सावलीला झाड नाही. पाण्याच्या बाटल्या फाटकापाशी काढून घेतल्या गेल्या, आत गेल्यावर पाणी कुठे मिळेल हे सांगायला कोणी नव्हते, आणि आमच्या पुढच्या एका मुलाला भोवळ आली तेव्हा त्याला रांगेतल्या पोरांनीच उचलून बाजूला नेले, वारा घातला, शुद्धीवर आणले आणि त्याची रांगेतली जागा त्याला परत दिली. त्या जागेसाठी तो किती लांबून आला असेल हे प्रत्येकाला स्वतःवरून ठाऊक होते.

रांगेत आमच्या शेजारी नागालँडचे तिघे होते. दिमापूरहून निघून, गुवाहाटी आणि कोलकात्याला गाड्या बदलत, चौथ्या दिवशी ते बंगळुरात पोहोचले होते. त्यांच्यातला थोरला शाळेत शिक्षक होता. त्याने विचारले, तुम्ही कुठले? मिरज हे नाव त्याने ऐकलेले नव्हते, आणि त्याने सांगितलेले गाव मी ऐकलेले नव्हते. परंतु बोलता बोलता त्याने आपल्या मोठ्या बहिणीची एक कॅसेट कशी झिजली ते सांगितले, आणि पेन्सिल घालून फीत गुंडाळण्याची खूण त्याने हवेत करून दाखवली तेव्हा आम्ही तिघेही एकदम हसलो, कारण ती खूण आमच्या बोटांनाही पाठ होती. रांगेत मागे मुंबईचे काही वयस्क श्रोते होते. धोबीतलावाच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाचे कार्यक्रम ज्यांनी उभ्याने पाहिले ती ही पिढी, केसांत पांढरे आलेली. त्यांच्यातला एक जण म्हणाला की, आम्ही वीस वर्षे आपल्याच पोरांच्या तोंडून ही गाणी ऐकली, आज मूळ ऐकायचे. त्या ‘आपल्याच पोरांच्या’ या शब्दांत तक्रार नव्हती. भारतात रॉक टिकले ते अशा कॉलेजच्या बँडांमुळे, जे दुसऱ्यांची गाणी जीव ओतून वाजवीत राहिले, असे मला मनापासून वाटते.

म्हणूनच संध्याकाळी पहिल्यांदा मंचावर दिल्लीचा परिक्रमा हा बँड आला तेव्हा मैदानाने त्यांना घरच्यासारखे घेतले. १९९१ पासून वाजवणारी ही मंडळी. त्यांच्यात व्हायोलिन आहे, आणि गिटारींच्या गदारोळातून ते व्हायोलिन वर निघाले तेव्हा माझ्या सतारमेकर मित्राने माझा दंड धरला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये परिक्रमा इंग्लंडला डाउनलोड महोत्सवात वाजवायला गेले. त्यांच्यानंतर लॉरेन हॅरिस आली, आयर्न मेडनच्या स्टीव्ह हॅरिसची मुलगी. तिचे गाणे संपले, दिवे मालवले, मंचावर माणसे सामान हलवू लागली, आणि मग एक लांबलचक वाट पाहणे सुरू झाले.

ध्वनिवर्धकांवरून अधूनमधून कुठली तरी गाणी लागत होती. त्यातच यूएफओ या दुसऱ्या एका इंग्लिश बँडचे ‘डॉक्टर डॉक्टर’ सुरू झाले आणि मैदानातून एक आरोळी उठली. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना शेजारच्याने सांगितले: हे गाणे लागले की समजायचे, आता ते येणार. कित्येक वर्षांची ही त्यांची प्रथा. ते गाणे संपेपर्यंतची चार मिनिटे मी कधी विसरणार नाही. पुढच्या माणसांच्या खांद्यांमधून मंचाचा एक तुकडा दिसत होता, आणि त्या रिकाम्या तुकड्याकडे पाहताना मला दादाचा टेपरेकॉर्डर डोळ्यांपुढे दिसत होता, त्याच्या झाकणाला दोऱ्याने बांधलेला खिळा, आणि मागांच्या आवाजात ऐकू यावे म्हणून जाळीला लावलेला त्याचा कान.

मग ते आले. नव्या अल्बमच्या पहिल्या गाण्याने, ‘डिफरंट वर्ल्ड’ने, सुरुवात झाली, आणि पहिल्या फटक्यालाच गर्दी अशी पुढे सरकली की माझे पाय काही क्षण जमिनीला नव्हते. निको मॅकब्रेन ढोलांच्या मागे दिसतसुद्धा नव्हता, केवळ हात वर येत होते. हा माणूस अनवाणी वाजवतो असे वाचले होते. तिन्ही गिटारवाल्यांपैकी डेव्ह मरे हसतमुख, एड्रियन स्मिथ स्थिर उभा, यानिक गेर्स गिटार गरागरा फिरवीत. गायक ब्रूस डिकिन्सन मंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला धावत होता आणि धावतानाही त्याचा स्वर हलत नव्हता. शहराचे नाव घेऊन ओरडायला लावण्याची त्याची जुनी आरोळी त्याने दिली तेव्हा, आमचे शहर ते नसतानाही, आम्ही घसा फाटेपर्यंत ओरडलो.

परंतु माझे डोळे स्टीव्ह हॅरिसवर होते. बँड उभा करणारा हा माणूस, बहुतेक गाणी त्याचीच. एक पाय पुढच्या स्पीकरवर ठेवून, बास गिटार बंदुकीसारखी गर्दीवर रोखून, तो प्रत्येक शब्द स्वतःशी म्हणत होता. त्याच्या वाजवण्याला त्याचे चाहते घोड्याची दौड म्हणतात: एक लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब, दोन आखूड. तार छेडायची पट्टी न वापरता नुसत्या बोटांनी तो ती दौड तासन्‌तास टिकवतो. दादा तिला घोडा कधीच म्हणाला नाही. त्याचे म्हणणे असे की हा मागाचा ठेका आहे. धोटा इकडून सुटतो तो एक, आणि पलीकडे आदळून फणी ठोकते ते दोन. इचलकरंजीत मी हे शंभरदा ऐकले होते आणि दरवेळी मला ते त्याचे कौतुकाने केलेले बोलणे वाटले होते. त्या रात्री, छातीच्या पिंजऱ्यात तो बास प्रत्यक्ष वाजू लागला तेव्हा, मला मावशीच्या घराची फरशी पायाखाली हादरताना जाणवली. दादाचे बरोबर होते. चार माग एकदम चालू असताना भिंतीला हात लावला तर तळव्याला जे लागते, तेच हे.

‘द ट्रूपर’ला ब्रूस लाल लष्करी कोट घालून, झेंडा फडकावीत आला. १८५४ सालच्या बालाक्लाव्हाच्या लढाईतल्या घोडदळाचे ते गाणे. चुकीच्या हुकमावरून तोफांच्या तोंडी गेलेल्या स्वारांचे. त्याच्या सुरुवातीची दोन गिटारींची चाल शब्दांशिवायची आहे, आणि ती सगळ्या मैदानाने तोंडाने म्हटली. सतारमेकर मित्र मला कानात ओरडून म्हणाला, “अस्ताई लोकच गातायत!” अस्ताई म्हणजे चिजेचा पहिला भाग. तो गांधाराची बाजू गात होता. माझ्या डोळ्यांसमोर त्याने बाजू सोडली नाही.

आणि मग ‘फिअर ऑफ द डार्क’. १९९२ चे गाणे. मंचावर निळा अंधार झाला, गिटारीची ती संथ सुरावट आली, आणि माणसे गुणगुणू लागली. आधी पुढून, मग बाजूंनी, मग मागून लाटेसारखा तो आवाज आमच्यावरून गेला. भोवतालच्या लोकांचा अंदाज तीस हजारांचा होता. मी मोजू शकत नाही. एवढेच सांगतो की मागे वळून पाहिले तर डोकी संपत नव्हती आणि सगळ्यांची तोंडे उघडी होती. कोणाला कोणी शिकवले? शाळेत नाही, घरात नाही, रेडिओवर क्वचित. प्रत्येकाने आपापल्या खोलीत, आपापल्या गावात, बहुधा एकट्याने, दार लावून हे पाठ केलेले. ‘एवढा आवाज कसला रे तो’ असे ज्यांना घरातून विचारले गेले, ती सगळी माणसे त्या क्षणी तिथे एका सुरात उभी होती. मी रडत होतो हे मला नागालँडच्या त्या शिक्षकाने माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कळले.

धृवपद आले. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर मी सवयीने हुंकार भरला, आणि त्याच क्षणी हजारो तोंडांतून एक तीन अक्षरी शब्द माझ्या हुंकारावरून निघून गेला. मला तो नीट लागला नाही. मी पुढच्या वेळेची वाट पाहत राहिलो. गाणे वेगात गेले, वळून पुन्हा धृवपदावर आले, आणि या वेळी मी गप्प राहून शेजारी कान दिला. शिक्षक मान वर करून गात होता. फोबिया. शब्द ‘फोबिया’ होता. तिसऱ्या वेळी तो मी म्हटला.

त्यानंतर बँडच्या नावाचे गाणे झाले, त्यात एडी हे त्यांचे बोधचिन्ह असलेले अवाढव्य सोंग अवतरले, आणि शेवटी ‘हॅलोड बी दाय नेम’. फाशीची वेळ जवळ आलेल्या कैद्याचे ते गाणे १९८२ सालचे. त्याचे पहिले शब्द इतके हळू आहेत की एवढ्या मैदानात ते ऐकू येतील का अशी मला शंका होती, परंतु ऐकू आले. संपल्यावर दिवे लागले तरी कोणी हलेना. निकोने काठ्या गर्दीत भिरकावल्या, त्या आमच्यापासून फार दूर पडल्या.

बाहेर पडायला तासभर लागला. धुळीने सगळ्यांचे काळे टी-शर्ट तांबूस झाले होते. रस्त्यावर एका पानपट्टीच्या दुकानात दूरदर्शन संच लावलेला होता आणि त्याभोवती माणसे जमली होती: त्रिनिदादला विश्वचषकात भारत बांगलादेशविरुद्ध १९१ धावांत गारद झाला होता. द्रविडच्या गावात ही बातमी कशी घेतली जाते ते त्या चेहऱ्यांवर दिसत होते. आमच्यापैकी एरवी कोणीही तिथून हललाच नसता. त्या रात्री आम्ही तिघे न बोलता पुढे चालत राहिलो. लॉजवर येऊन उशाखालची वही काढली आणि शेवटच्या कोऱ्या पानावर, आठवली त्या क्रमाने, त्या दिवशी झालेली सगळी गाणी लिहून काढली. त्या मोकळ्या जागेत मात्र मी काही लिहिले नाही. ती दादाची होती.

रविवार, १८ मार्च

सकाळी कोणालाच आवाज नव्हता. मान एका बाजूला वळत नव्हती आणि कानात एक बारीक शीळ सतत वाजत होती. बांगलादेशने पाच गडी राखून सामना जिंकल्याचे लॉजच्या मॅनेजरकडून कळले. त्याने ते असे सांगितले की जणू घरातले कोणी आजारी आहे.

दिवस मोकळा होता. सतारमेकर मित्राला बळेपेटेतली वाद्यांची दुकाने पाहायची होती, म्हणून तिकडे गेलो. एक दुकान अर्धे उघडे होते. त्याने तिथली वीणा हातात घेऊन मागून पुढून पाहिली, फणसाच्या एकाच लाकडातून कोरलेल्या तिच्या कुंभावर बोटाने टकटक केले, आणि दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराशी, बेळगावच्या मित्राला मध्ये घेऊन, जवारीबद्दल बराच वेळ बोलत बसला. घोडीचा माथा कसा घासला की तार नुसती न वाजता झंकारते, ही ती विद्या. मिरजेची त्यासाठी ख्याती आहे. काल रात्रीच्या गिटारींत जवारी नव्हती, त्यांत दुसरेच काही होते, विजेने स्वर फाडून केलेले, असे तो मला नंतर म्हणाला. “पण सूर चढवायची भूक तीच आहे. तार एवढीशी, तिच्यातून केवढे काढायचे.” ते वाक्य मी त्याच दिवशी रोजनिशीत लिहून ठेवले.

दुपारी ब्रिगेड रोडला नागालँडचे तिघे पुन्हा भेटले. शिक्षकाने मला त्याच्या मनगटावरची काळी पट्टी काढून दिली, मी त्याला कुंद्याचा उरलेला डबा दिला. त्यांची गाडी आमच्या आधी होती. पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी २००८ रोजी, आयर्न मेडनने आपल्या जगभराच्या दौऱ्याची सुरुवात मुंबईत केली, ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक म्हणून चालवीत असलेल्या बोइंग ७५७ मधून येऊन. त्या वेळी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या गर्दीत मी त्या शिक्षकाला बराच शोधला. दादा त्या दिवशी माझ्यासोबत होता. पण ती वेगळी हकीकत आहे.

रात्री परतीची राणी चन्नम्मा. तिघेही बसल्या जागी झोपलो.

सोमवार, १९ मार्च

बेळगावला मित्र उतरला. दुपारी मिरज. पाडव्याचे दिवस होते, त्यामुळे स्टेशनबाहेरच्या हातगाड्यांवर साखरेच्या गाठींच्या माळा लटकत होत्या. आईला फोन करून सांगितले आणि घरी न जाता तसाच इचलकरंजीच्या एसटीत चढलो.

दादा मागावर होता. एकटाच चार माग सांभाळीत होता, कारण माणूस अजून गावाहून परतला नव्हता. मला दारात पाहून त्याने हाताने थांब अशी खूण केली, तुटलेला दोरा सांधला, आणि मग एकामागून एक चारही माग बंद केले. इतक्या शांततेत मी ती खोली क्वचितच पाहिली होती. त्याने हात पुसून वही घेतली, पहिल्यांदा शेवटचे पान उघडले, आणि गाण्यांच्या नावांवरून बोट फिरवीत एकेक वाचले. काही नावांपाशी तो थांबला. काही विचारले नाही.

मग मी त्याला म्हणालो, “दादा, तो शब्द मिळाला.”

कोणता, हे त्याने विचारले नाही. पाने उलटत ‘फिअर ऑफ द डार्क’पाशी आला आणि माझ्याकडे पाहत राहिला.

“फोबिया,” मी म्हणालो. घसा बसला होता, म्हणून त्याला पुन्हा सांगावे लागले.

“म्हणजे काय?”

“भीतीच. पण मनात घर करून बसलेली, कारण नसताना वाटणारी.”

त्याने ती ओळ तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिली, पहिल्यांदा जुन्या हुंकारासह आणि दुसऱ्यांदा नव्या शब्दासह. मग खिशाचे पेन काढून, चौदा वर्षांपूर्वी ओढलेल्या त्या रेघेवर, जुन्या अक्षराला शोभेल अशा बेताने, तीन अक्षरे लिहिली. शाई वाळेपर्यंत वही उघडी धरून ठेवली, ती मिटून देवघराच्या फळीवर ठेवली, आणि पहिला माग सुरू केला.